कुंदा मावशी, तुझ्या फोटोखालचा मजकूर

मावशी, तुझा युनिफॉर्म त्यांनी बिनबॅगेत घालून नेला. काळ्या, कचऱ्याच्या बिनबॅगेत.

काकांनी सकाळी उठून तो इस्त्री केला होता. स्कर्टच्या घडीत कागद घातला, टोपीच्या काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पट्टीवरून ओलं फडकं फिरवलं आणि सगळं पुढच्या खोलीत सोफ्यावर मांडून ठेवलं. शेजारी ती पोलीस खात्याची हँडबॅग. पुरुष शिपायाला लांब दंडुका आणि बाईला हँडबॅगेत मावेल एवढा आखूड, म्हणजे चोराला थांबवून आधी पर्स उघडायची, असं म्हणून तू स्वतःच हसायचीस ती. सार्जंटने टोपी दोन बोटांनी उचलली आणि बॅगेत टाकली. "फोर्स प्रॉपर्टी, सर. सॉरी अबाउट धिस." रश्मी जिन्यावर बसली होती. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "आईचा टोपी पण नेला?" एरवी तू आतून ओरडली असतीस, "आईची! नेली!" कुणीच ओरडलं नाही.

तुझा दहावा दिवसही झाला नव्हता.

पण बिनबॅगेचं मी सोडून दिलं असतं. कपडे त्यांचे होते. सार्जंटबरोबर आलेला इन्स्पेक्टर मात्र गेला नाही, बसला. स्थानिक लोकांशी संबंध राखायचं खातं त्याच्याकडे आहे. ठाणं कोणतं ते मी इथे लिहीत नाही, कुठलंही घ्या. त्याने चहा घेतला, शेजारच्या काकूंनी आणलेली शंकरपाळीसुद्धा घेतली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला की स्पेशल कॉन्स्टेबलांच्या भरतीची नवी मोहीम काढतोय. एशियन कम्युनिटीतून माणसं हवीत. कुंडाचा एक सुंदर फोटो आमच्याकडे आहे, तो पत्रकावर घ्यायचा विचार आहे, घरच्यांची हरकत नसेल तर. "शी वुड हॅव वॉन्टेड इट."

कुंडा! इतकी वर्षं तू त्यांच्यात काढलीस आणि शेवटपर्यंत कुंडाच राहिलीस. मी चिडायची. तू म्हणायचीस, "असू दे गं, कुंडीपेक्षा बरं."

पत्रक इंग्रजीत आणि चार-पाच भाषांत निघणार. त्यात मराठीही हवी, कारण तुझी ओळख सगळी मराठी मंडळातली. "पण मराठी वाचणारं आता आमच्याकडे कुणी उरलं नाही," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ही लिहील. हिचं मराठी चांगलं आहे." त्याने लगेच माझा हात हातात घेतला. "वंडरफुल. फ्रायडेपर्यंत? आम्ही काही तपासणार नाही. वी ट्रस्ट यू."

मला किळस आली, मावशी. त्याच्या हाताची नाही. तू गेल्याचं त्याच्या दृष्टीने किती सोयीचं झालं होतं, त्याची.

माझं मराठी चांगलं आहे ते कुणामुळे, हे तुला माहीत आहे. या देशात शाळेत जाणारी पोरगी मराठी अक्षरं शिकली ती बाबांच्या पत्रकांवर. मागच्या शेडमध्ये त्यांचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. पत्रकांना घड्या घालायचं काम माझं. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मी वाचलेले पहिले मराठी शब्द. तू यायचीस, एक पत्रक उचलायचीस, वाचायचीस, आणि त्यावर हिरव्या मिरच्यांची देठं काढत बसायचीस. "भाऊजी, कागद छान शोषून घेतो हं तुमचा." बाबा चिडत नसत. तुझ्यावर चिडणं त्यांना कधी जमलं नाही. तू स्पेशल कॉन्स्टेबल व्हायला निघालीस तोपर्यंत.

तो दगड मला आठवतो. तुमच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोच्या घराच्या पुढच्या खिडकीतून आला आणि देव्हाऱ्यापर्यंत गेला. तू तो रुमालात गुंडाळून ठाण्यावर घेऊन गेलीस. तिथल्या माणसाने काउंटरवरून पाहिलंही नाही. "किड्स, लव्ह." म्हणजे पोरं असतील गं बाई. लिहून घ्यायलाच तयार नाही. बाबांनी त्यावर पत्रक काढलं. तू मात्र पुन्हा त्याच काउंटरवर गेलीस आणि भिंतीवरची जाहिरात दाखवून म्हणालीस, मला हे व्हायचंय. पगार नाही, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार द्यायचे, अंगावर पोलिसाचा पूर्ण पोशाख, पोलिसाचे पूर्ण अधिकार. दिवसा शाळेत डिनर लेडी म्हणून पोरांना मटार वाढणारी बाई संध्याकाळी फुकटात राणीची शिपाई. शपथ घ्यायला घरून गीता नेलीस, रेशमी फडक्यात बांधून.

"ज्यांनी तुझा दगड लिहून घेतला नाही त्यांचीच चाकरी?" मी विचारलं.

"म्हणूनच. पुढचा दगड कुणीतरी लिहून घ्यायला नको?"

"ते तुला लिहू देतील?"

"बये, मी चारशे पोरांना रांगेत उभं करते. मला एक काउंटर जड आहे का?"

काउंटर त्यांनी तुला दिलाच नाही. तुला दिलं ते सगळं तुमच्या स्वयंपाकघरात तू हसत हसत सांगायचीस. बाईची झडती घ्यायची आहे, कुंडाला बोलवा. शाळेची जत्रा आहे, कुंडाला उभी करा. गुरुद्वारात जाऊन 'तुमच्या भाषेत' दोन शब्द बोल. तिथे तू आपलं पुण्याचं हिंदी बोललीस आणि त्या म्हाताऱ्या सरदारजींनी मोठ्या मनाने इंग्रजीत उत्तर दिलं. आणि ती सिल्हेटची बाई. नवऱ्याने मारलेली, कडेवर तान्हं. सार्जंट म्हणाला, "वन ऑफ युअर्स, कुंडा. काय म्हणतेय बघ." तू सांगितलंस की ती बंगाली बोलते, मला बंगाली येत नाही. तो म्हणाला, "जस्ट ट्राय, लव्ह." मग तू तिचा हात धरून बसलीस. बाळाला दूध हवंय एवढं तुला खुणांनी कळलं, ते तू आणलंस. बाकी तिने जे जे सांगितलं ते सगळं त्या खोलीतच राहिलं. आणि कागदावर लिहिलं गेलं, दुभाषी हजर होती.

"अगं, मी खरंच हजर होते," तू म्हणालीस. त्या वेळी मात्र हसली नाहीस.

माझा सगळा राग पोलिसांवरच होता असं नाही, हे तू ओळखून होतीस. हॅरोच्या त्या शाळेच्या हॉलमधला गणपती आठव. प्रसादाचं टेबल आणि चपलांचा ढीग यांच्या मधोमध तुझं भरतीचं टेबल. युनिफॉर्म, कपाळाला टिकली, टोपी काखेत. "या, या. मोदक घ्या आणि फॉर्म घ्या." कुणीतरी म्हणालं, "कुंदा, आमचे हे काय म्हणतील?" तू म्हणालीस, "तुमचे हे कधी काही म्हणतात का गं? घरातही तूच बोलतेस. ये, उपयोग होईल." सगळ्या बायका हसल्या आणि मोदक घेऊन गेल्या. फॉर्म तिथेच.

मग मंडळाच्या अध्यक्षांनी तेव्हाच्या इन्स्पेक्टरला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. त्याला नारळाचं काय करायचं कळेना, चेंडूसारखा या हातातून त्या हातात. हॉल खूश. डॉक्टर टाळ्या वाजवतायत, अकाउंटंट टाळ्या वाजवतायत. आपले लोक पोलिसात असले पाहिजेत, यावर सगळ्यांचं एकमत. आपली मुलगी मात्र डेंटिस्ट. त्या टाळ्यांची मला जेवढी किळस आली तेवढी सार्जंटच्या 'लव्ह'चीही आली नव्हती. तुझ्या खिडकीतल्या दगडाला ज्यांनी कागदावर जागा दिली नाही, त्यांच्या खांद्यावर आपली शाल! मी माझी पत्रकं काढली आणि तुझ्या टेबलावर, तुझ्या फॉर्मांच्या शेजारी ठेवली. 'फुकट शिपाई, फुकट शोभा.' तू ती उचललीस. मला वाटलं फाडणार. तू ती नीट जुळवलीस, कडा ठोकून सारख्या केल्यास, त्यावर स्टेपलर ठेवलास आणि म्हणालीस, "उडून जातील. पंखा चालू आहे."

अशा बाईशी कसं भांडायचं?

आणि मग तो संप. विमानात द्यायच्या जेवणाचे ट्रे भरणारी ती फॅक्टरी. फाटकाबाहेर सलवारींवर, साड्यांवर अनोरॅकची जाकिटं घातलेल्या बायका, आणि त्यांच्यात पत्रकं घेऊन मी. समोर पोलिसांची रांग. रांगेत सगळ्यांत पुढे, मधोमध, तू. आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाईवर आपल्या बायका हात उचलणार नाहीत, असा हिशोब कुणीतरी ठाण्यात बसून केला होता. हिशोब बरोबर होता. हीच त्यातली घाण.

पाऊस भुरभुरत होता. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होतीस. तशीच बघत, ओठ फार न हलवता तू मराठीत म्हणालीस, "बये, मागे सरक. मालाची लॉरी आली की हा माझ्या डावीकडचा पहिल्यांदा तुलाच ओढणार आहे."

"तू माझ्याशी बोलू नकोस."

"बोलत नाहीये. सांगतेय. आणि निर्मलाबेनला माझ्या समोर आण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती तिथे कडेला नको."

मी संतापले होते, तरी मागे सरकले. निर्मलाबेनला मधे आणलं. लॉरी आली, रेटारेटी झाली, डावीकडच्याच्या हातात माझी पत्रकं आली, मी नाही आले. निर्मलाबेन तुझ्या दंडाला धरून उभी राहिली. बाईने पोलिसाला धरलेलं, पोलिसाने बाईला नाही, असं दृश्य मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर तुला आत बोलावलं. ड्यूटीवर असताना निदर्शकांशी परक्या भाषेत बोललीस, म्हणून ताकीद. जी भाषा येते म्हणून तुला घेतलं, जिच्या नावाने तुला गुरुद्वारात धाडलं, सिल्हेटच्या बाईसमोर बसवलं, तीच भाषा तू पहिल्यांदा खरोखर कामाला लावलीस, आणि ती परकी ठरली. सिंकवर तांदूळ धूत तू मला सांगितलंस, "विचारलं मला, कुंडा, काय सांगितलंस त्यांना? म्हटलं, गुडघ्याची काळजी घ्या म्हटलं. हसले नाहीत गं कुणी." पाणी पांढरं येत होतं, तू ते ओतून पुन्हा भरत होतीस, तांदूळ कधीच धुऊन झाले होते.

"सोड ना मग," मी म्हटलं.

"सोडलं तर त्यांना बरंच होईल."

"राहिलीस तर त्यांचं पोस्टर होशील."

"होऊ दे. पोस्टर बघून चार पोरी आल्या आणि त्यातली एक टिकली…"

"एकही येणार नाही. आणि येऊ नये!"

"तुझ्या बापाची पत्रकं वाचून कुणाची खिडकी बसवून आली का?"

"तुझ्या टोपीने बसवून आली?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. तुमच्या घरात प्रत्येक भांडणाला अशी मध्यंतरं. आपण दोघी तोंड मिटून छताकडे बघत उभ्या. आवाज विरल्यावर तू म्हणालीस, "कुकर लाव." हे भांडण तिथेच राहिलं. पुढे तुला जत्रा आणि हरवलेल्या वस्तूंचं कपाट एवढंच उरलं. तू जात राहिलीस, मी येत राहिले, आणि कुठल्याही विषयावर बोललो तरी आपण त्याच विषयावर बोलत होतो.

आता तुझ्या फोटोखाली काय लिहायचं ते बघ.

खरं सांगते, पहिला मसुदा मी झपाट्याने लिहिला आणि लिहिताना मजा आली. त्यांच्याकडे मराठी वाचणारं कुणी नाही. जे लिहीन ते छापलं जाईल. त्यांचा गुळगुळीत कागद, त्यांचा छापखाना, त्यांचं बोधचिन्ह, आणि खाली शुद्ध मराठीत, 'भगिनींनो, इकडे फिरकू नका.' बाबांच्या अख्ख्या आयुष्यात असं पत्रक निघालं नसेल. मी त्यांना वाचून दाखवलं. ते तुझ्या जाण्यापासून बोलतच नाहीत फारसे. ऐकून म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या पाठीमागे बोलायचं, हे पत्रक नव्हे. ही कुजबुज."

मी तो फाडला. दुसरा लिहिला. तुझं नाव, डिनर लेडी होतीस ते, दगड, शपथ. मग हे वाक्य, 'आपल्या भाषेत एका बाईला सावध केलं म्हणून त्यांना ताकीद मिळाली.' खाली माझं नाव. शेजारी मीच केलेलं इंग्रजी, शब्दाला शब्द, म्हणजे पाठीमागे कुजबुजली असं कुणी म्हणायला नको.

काकांना तो दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. त्या एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे तिने मला सांगितलं नव्हतं."

मला माहीत नव्हतं की त्यांना माहीत नाही.

"खरं आहे हे?"

"खरं आहे, काका."

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मला वाटलं, काढ म्हणतील. "राहू दे," म्हणाले. "पण तिला ते काम आवडायचं, तेही लिही. शनिवारी बूट पॉलिश करताना गाणं म्हणायची. नाहीतर तुझं अर्धंच खरं होईल."

मावशी, ताकीद लिहिताना माझा हात थांबला नव्हता. हे वाक्य लिहायला मला अख्खी रात्र लागली. 'त्यांना हे काम मनापासून आवडत असे.' माझ्या हातचं, माझ्या अक्षरात.

शुक्रवार उजाडला. इन्स्पेक्टर आला, इंग्रजी वाचलं. चेहरा सहानुभूतीचा तो सहानुभूतीचाच. "इट्स ब्यूटिफुल. व्हेरी पर्सनल." मग त्याने पेन काढलं. "जागा कमी आहे, त्यामुळे हा भाग आपल्याला गाळावा लागेल." ताकीद. "पण हे," आणि पेनने त्याने खाली रेघ ओढली, "हे मोठ्या अक्षरात घेऊ." आवडत असे.

काकांनी इतकी वर्षं पांढऱ्या माणसाला सर म्हटलंय. ते इंग्रजीत म्हणाले, "सर, तिला ताकीद दिली तेव्हा तुम्ही होता?"

"बिफोर माय टाइम, आय ॲम अफ्रेड."

"मग तिला काय हवं होतं ते तुम्हाला कसं कळलं? यू सेड, शी वुड हॅव वॉन्टेड इट."

तो काहीतरी बोलू लागला. काकांनी हात वर केला. "दोन्ही वाक्यं छापा. नाहीतर फोटो नाही."

तो म्हणाला, वरच्यांना विचारावं लागेल. त्याने कागदही नेला नाही, तिथेच टेबलावर ठेवून गेला. मंगळवारी दुपारी फोन आला. ह्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी घेतोय, म्हणाले. काकांचे आभार मानले.

म्हणजे झालं माझ्या मनासारखं. तू भिंतींवर लटकणार नाहीस, बसस्टॉपवर हसणार नाहीस. पण फोन ठेवल्यावर काका तुझ्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "रागावली असती." आणि मला ठाऊक आहे, ते बरोबर बोलले. तू इन्स्पेक्टरला थांबवलं असतंस, डबा भरून दिला असतास, एक वाक्य गाळू दिलं असतंस आणि दुसऱ्यासाठी तीन वर्षं त्याच्या मागे लागली असतीस. मी तुला लाचार म्हटलं असतं. तू मला आगाऊ म्हटलं असतंस.

रविवारी हॅरोच्या हॉलमध्ये मंडळाने तुझी शोकसभा ठेवली आहे. तो मजकूर मी स्वतःच्या खर्चाने छापून घेतला आहे, दोन्ही वाक्यांसकट, फोटोशिवाय. दारात उभी राहून वाटणार आहे. डॉक्टरांनाही देणार, अकाउंटंटांनाही देणार. कुणी तरी नक्की विचारेल, ही बाई शेवटी कुणाच्या बाजूची होती? मी म्हणेन, बसा, भांडू या. मला सध्या भांडायला समोर कुणी नाही.